मंगळवारचा तास

"बाई, आता तुम्ही मुख्याध्यापक. खडू कशाला हातात? खुर्चीत बसा, घंटी वाजवा, चहा मागवा," लेखनिक म्हणाला.

बाईंनी खडू मुठीत धरला. त्या तडक सातवीच्या वर्गाकडे निघाल्या. सगळ्या शिक्षकांना त्यांनी तिथेच बोलावलं होतं.

मोठे सर मुख्याध्यापक होते तेव्हा दर मंगळवारी हे व्हायचं. सर स्वतः सगळ्यात कच्च्या वर्गाला शिकवायचे, शिक्षक मागच्या बाकांवर बसायचे आणि तास संपला की पोरांदेखत सरांच्या चुका सांगायचे. पहिल्याच मंगळवारी सर फळ्यासमोर अडले होते. बाह्या दुमडलेल्या, भुवईवर खडूची पूड. "माझं अडलं बुवा. कोणी सोडवतंय का?" एवढंच म्हणाले. भाषण नाही, बोधवाक्य नाही. त्या महिन्यात एकेका वर्गाचं दार उघडं राहू लागलं. वर्षभरात शाळा सोडून गेलेली पोरं परत आली.

सर निवृत्त झाले. नंतरच्या दोन वर्षांत तीन साहेब आले आणि तिघांनी मिळून ऑफिसचे पडदे बदलले. दारं पुन्हा लागली, पोरं पुन्हा गळली.

बाईंनी अपूर्णांकांचा भागाकार घेतला. वीस वर्षं घोटलेला धडा. पुढच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "बाई, दुसरा अपूर्णांक उलटा का करायचा?"

"नियम आहे तसा," बाई म्हणाल्या आणि पुढचं गणित मांडलं.

तास संपला. बाई शिक्षकांकडे वळल्या. "बोला. कुठे चुकले?"

"छान झाला तास," विज्ञानाच्या मॅडम म्हणाल्या.

"फारच छान," भूगोलाचे सर म्हणाले. "आणि अक्षर तर काय, मोत्याचे दाणे."

एकेक जण लोणी लावत होता. याच गोडगोड बोलण्यानं शाळा मारली होती. आज कोणी तोंड उघडलं नाही, तर पुढच्या मंगळवारी त्यांची स्वतःचीही हिंमत होणार नव्हती.

कोपऱ्यातल्या बाकात खेळाचे सर गुडघे पोटाशी घेऊन कसेबसे मावले होते. ते खाकरले.

"त्या पोरीनं विचारलं, उलटा का. तुम्ही म्हणालात, नियम आहे. मलाही लहानपणी असंच सांगितलं होतं, बाई. म्हणून तर जन्मभर शिट्टी फुंकतोय."

भूगोलाचे सर गडबडीनं चष्मा पुसू लागले. मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. पोरं मोठ्या माणसांची तोंडं बघत राहिली.

"का ते मलाही माहीत नाही गं," बाई त्या मुलीला म्हणाल्या. मग त्यांनी खडू मोडला आणि अर्धा तुकडा खेळाच्या सरांपुढे धरला.

"या पुढे. दोघं मिळून अडू."