शाल्मलीची कातडी

शाल्मलीला जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण तिच्या पेशींपासून वाढवलेली कातडी प्रयोगशाळेतल्या काचपेटीत अजून जिवंत होती. तिच्या दर वाढदिवसाला आई, मंदाकिनीबाई, ती पाहायला येत. आज त्या कातडीवर टिकलीचा नवा गोंद लावला होता.

"अहो, तिला गोंद सोसत नाही. लग्नातसुद्धा ओलं कुंकूच लावलं होतं," त्या कळवळून म्हणाल्या.

"म्हणून तर तिची कातडी ठेवलीय, काकू," तपासणी करणारा शेजवळ हळूच म्हणाला. "हिला जे सोसतं, ते सगळ्यांना सोसतं."

"आणि हिला कधी सोडणार?"

शेजवळने घड्याळ पाहून वहीत वेळ टिपली. काचेखाली टिकलीएवढा लाल चट्टा उठत होता. मंदाकिनीबाई वाकल्या आणि जुन्या सवयीने काचेवर फुंकर घालू लागल्या.