अडुसष्ट सालचे गडी

"पहिला मॅकडॉवेल. दोनशे त्र्याऐंशी गडी. बरुबर का?" महंमद हनीफनं विचारलं.

"बरोबर, अब्बा," फोनवर झीशान म्हणाला.

हनीफ बाकावर जरा सैल बसला. दर रविवारी जुन्नरहून पहिली एसटी धरायची, अवसरी खुर्दला कॉलेजपाशी उतरायचं, पिंपळाच्या बुंध्याआड बसायचं आणि लेकाला फोन लावायचा, हा त्याचा दोन वर्षांचा नेम. शेजारचा भिमाजी चेष्टा करायचा, "हनीफभाई, फोन लावायला कुनी गाव सोडतं व्हय?" हनीफ म्हणायचा, "घरात रेंज नाय, राव."

झीशान अमेरिकेला गेला तेव्हा अख्खा मोहल्ला हार घेऊन आला होता. पुढं हनीफची बायको जैबुन्निसा वारली आणि घरात बोलायला कुणी उरलं नाही. शिलाई मशीन तेवढं होतं, पण ते बिचारं किती बोलणार. आठवड्यात काय बोलणं व्हायचं ते या फोनवरच.

मागं एकदा त्यानं विचारलं होतं, "ईदला येतोस का रे?" त्यानंतर पाच महिने झीशाननं फोन उचलला नाही. हनीफ अर्धा झाला. तो प्रश्न पुन्हा म्हणून काढला नाही. अमेरिकेत बेसबॉलचं लई वेड असतं, असं झीशान एकदा बोलला होता, तेवढंच त्यानं धरून ठेवलं. मोबाईलवर शोधशोधून वाचलं. बॅटवाल्याचे तीन चेंडू हुकले की तो बाद, त्याला स्ट्राइकआउट म्हणतात. एकोणीसशे अडुसष्ट साली चेंडू टाकणाऱ्यांनी बॅटवाल्यांची पार दाणादाण उडवली होती. कुणी किती गडी टिपले, ती यादी या वयात त्यानं पाठ केली.

"दुसरा गिब्सन. दोनशे ऐंशी."

"नाय अब्बा, ते मॅकलेनचे. गिब्सनचे दोनशे अडुसष्ट."

हनीफला ठाऊक होतं. पण चूक केली की झीशान समजावत बसतो आणि फोन पाच मिनिटं जास्त चालतो.

"साल अडुसष्ट आन् गडीबी दोनशे अडुसष्ट. झकास. तुझ्याकडं आता किती वाजलं?"

"शनिवारची संध्याकाळ आहे. मॅच बघतोय टीव्हीवर."

तेवढ्यात एक ट्रॅक्टर मोठ्यानं गाणी वाजवत आला. हनीफनं घाईघाईनं फोन तळहाताखाली दाबला. आवाज लांब गेल्यावर पुन्हा कानाला लावला. झीशानही तेवढा वेळ गप्पच होता.

"जेवतोस ना येळेवर? लई वाळलायस."

"इतक्या लांबून तुम्हाला काय दिसतंय?"

"आवाजावरून म्हनलं."

झीशान म्हणाला, "पुढच्या रविवारी पासष्ट साल घेऊ."

"घेऊ की."

घर उघडं आहे, कुणी काही विचारणार नाही, ये, एवढंच हनीफला म्हणायचं होतं. ते अगदी ओठावर आलं होतं. पण ते पाच महिने आठवले आणि त्याला भीती वाटली.

"ठेवू का, अब्बा? मॅच रंगात आलीये."

"ठेव, बाळा. बघ तू."

रस्त्यापलीकडं वडापावच्या गाडीवर झीशाननं फोन खिशात घातला, हात पुसले आणि कढईत वडे सोडायला लागला.