साठ फूट पाणी

“हळू चालव, आयली! घरी सौनाची, वाफेची न्हाणी तापत ठेवलीय का? पळत्या गळाला वॉलआय मासा लागत नाही,” सासरे सुनेवर खेकसले. होडीमागे लांब दोरीवर नकली मासा तळाजवळून ओढला जात होता. “गळाच्या काठीचं टोक थरथरत राहिलं पाहिजे. थांबलं, की समज, काहीतरी अडकलं.” तिचा हात बसला, तशी तिने होडी तळ्याच्या मध्यावर वळवली. “इथं साठ फूट पाणी आहे, पोरी. मासे काठाला असतात.” “माहीत आहे, पप्पा.” मार्चमध्ये गोठलेल्या तळ्यावरून जाताना इथंच बर्फ फुटून तिचा नवरा गाडीसकट बुडाला होता, प्रेत मिळालं नव्हतं. सासऱ्यांनी नकली मासा सोडवला आणि बाकाखालून तळ चाचपायचा चार नखांचा लोखंडी गळ काढला. त्याचा दोर अजून ओला होता. “पूर्वेकडचा भाग सकाळी झालाय माझा,” ते म्हणाले. “पश्चिमेकडे घे. अगदी हळू.”