दारामागे एकजण

"घर रिकामं राहील. दार उघडता येणार नाही," दाराने तिसऱ्यांदा सांगितलं.

वत्सलाबाई चपला घालून तशाच उभ्या राहिल्या. आज नवऱ्याचा दहावा. दीर आणि बाकीचे नातेवाईक घाटावर गेले होते आणि पिंडाला कावळा शिवत नव्हता. "वहिनी, तुम्हीच या," असा दिरांचा दोनदा फोन येऊन गेला होता.

नगरपरिषदेने सरकारी अनुदानातून ही जुनी चाळ विकत घेऊन नव्याने बांधून काढली, तेव्हा वरून अट आली होती, की घर घटकाभरही रिकामं राहता कामा नये. म्हणून इथली दारं माणसं मोजायची. नवरा होता तोवर एकाने आत थांबायचं, एकाने बाहेर जायचं, असं भागत होतं. शेजारणीही एकट्याच, आपापल्या दारामागे.

तेवढ्यात वत्सलाबाईंनी सकाळी केलेली तक्रार पाहायला नगरपरिषदेचे अभियंता भोईटे आले. त्यांना दाराने लगेच आत घेतलं.

"नियमच आहे, बाई. मीच बसवलाय. सोबतीला कुणी मिळेपर्यंत जरा सांभाळून घ्या."

"बसा ना, साहेब."

सुतकाच्या घरी आल्यावर न टेकता जाणं बरं दिसत नाही. भोईटे खुर्चीत बसले.

वत्सलाबाई दाराशी गेल्या. दार मुकाट्याने उघडलं. सुतकाच्या घरातून निघताना 'येते' म्हणत नाहीत. त्याही म्हणाल्या नाहीत.

जिना उतरताना त्यांना मागून दाराचा आवाज ऐकू आला, "घर रिकामं राहील."