तिसऱ्या भागातलं दार

आठ वर्षांपूर्वी घर सोडून गेलेल्या लेकाचं नवं गाणं आलं होतं, बावीस मिनिटांचं, चार भागांचं. शिलाई मशीन थांबवून आई ते भाचीच्या फोनवर ऐकत होती.

"मावशी, हे मेटल संगीत आहे. तो रडत नाहीये, गातोय."

"मला मेलीला दोन्ही एकच ऐकू येतं."

मग भाचीने शब्द वाचून दाखवले. पहिल्या भागात राजपुत्र बापाशी भांडून निघतो, दुसऱ्यात रानोमाळ भटकतो, तिसऱ्यात परत येऊन दार ठोठावतो, पण दार उघडत नाही. तिथे सगळी वाद्यं गप्प होतात आणि नुसता ड्रम वाजतो. तीन ठोके, जरा थांबून दोन. गाण्याखालच्या प्रतिक्रियांत लोकांनी अर्थांचे इमले बांधले होते. कुणी म्हणे, ही पंचेंद्रियं. कुणी म्हणे, दार म्हणजे मृत्यू.

आईला अर्थ लावावा लागला नाही. शाळेतून आला की तो असंच दार वाजवायचा. घर सोडून गेल्यावर चौथ्या दिवशी, भरदुपारी, तसंच वाजवलं होतं. "उघडलंस तर तूही त्याच्याबरोबर चालायला लाग," नवरा मागून म्हणाला होता. तिचा हात कडीवर गेला आणि कडीवरच राहिला.

भाचीने टोपणनावाने एक खातं उघडून दिलं. आईने एकेक अक्षर शोधत गाण्याखाली लिहिलं, "दाराच्या आत त्याची आई उभी होती."

संध्याकाळी खुद्द लेकाचं उत्तर आलं.



"सुंदर अर्थ लावलात. पण आई तेव्हा घरात नव्हती. असती, तर तिने दार उघडलं असतं."