उमरावकाकांचा विमा

उमरावकाकांनी पहिला घोट घेतला. बाकावरचे सगळे गप्प झाले.

"घनश्याम, चहा करून रायला का बरण्या विसळून रायला बे?"

सडक अर्जुनीच्या हायवेवर हशा पिकला. चार ट्रकवाल्यांनी लगेच आपापला कप मागवला. इतका वाईट म्हणजे नेमका किती वाईट, हे ज्याचं त्यानं पाहायचं असतं.

घनश्यामला मात्र हसू आलं नाही. समोर विम्याच्या दुर्गेश्वरी मॅडम बसल्या होत्या. ज्या कंपनीच्या नावानं त्याचं चहाचं दुकान चालत होतं, तिचा नियम होता: आज पाच वाजेपर्यंत चारही विमे काढा, नाहीतर आमची पाटी उतरवा. आगीचा झाला. चोरीचा झाला. गिऱ्हाइकाची जीभ भाजली तर, त्याचाही झाला. चौथा राहिला होता. आणि हे काका मॅडमसमोर दुकानाची शोभा करत होते.

"काका, उद्यापासून येऊ नका," तो म्हणाला.

काकांनी काठी उचलली. "कायले येऊ? मले का तुझा चहा आवडते?" आणि ते निघाले.

चौथा विमा महत्त्वाच्या व्यक्तीचा होता. म्हणजे जिच्यावाचून दुकान बसेल, तिचा.

"लिहा माझं नाव," घनश्याम म्हणाला.

मॅडमनी बिलाच्या मशीनमधून रोजचा खप काढला. "मार्चमध्ये तुम्ही कुठं होता, भाऊ?"

"केशोरीले. साळ्याच्या लग्नात. दहा दिवस. दुकान पोराच्या भरोशावर."

"दहाही दिवस खप नेहमीसारखाच आहे. पण ऑगस्टमध्ये आठ दिवस रोज तीनच कप. तेव्हा काय झालं होतं?"

घनश्याम आठवू लागला. तेव्हा तो रोज दुकानात होता. पूर नव्हता. रस्ताही चालू होता. फक्त उमरावकाका डोळ्याच्या ऑपरेशनला गोंदियाला गेले होते.

त्यानं बाकाकडं पाहिलं. बाक रिकामा होता. ट्रकवाले अर्धे कप ठेवून उठले होते.

घनश्याम धावत सुटला. काका हायवेच्या मधोमध होते. त्यानं दोन्ही हात पसरून एक एसटी आणि धानाचे दोन ट्रक अडवले. "थांबा! काकाचा विमा व्हाचा हाय अजून!"

काकांना हाताला धरून बाकावर बसवलं. सही घेतली. फॉर्मात शेवटचा रकाना होता: 'सदर व्यक्तीचे दुकानातील काम'. मॅडमनी क्षणभर विचार केला आणि लिहिलं, 'चहाला नावं ठेवणे. पूर्णवेळ.' पाचला सात मिनिटं असताना फॉर्म गेला. कंपनीचा होकार आला. पाटी वाचली. काका दिसताच बाकही भरला.

काका मात्र कागदावरचं आपलं नाव एकदा चष्मा लावून, एकदा काढून पाहत होते. एकसष्ट वर्षांत त्यांना कुणी महत्त्वाची व्यक्ती म्हटलं नव्हतं. घनश्यामनं त्यांच्यापुढं स्वतःच्या हातानं चहा ठेवला. काकांनी घोट घेतला. सगळे गप्प झाले.

"बापू," काकांनी चष्मा पुसला, "चहा मस्त झाला."

एक ट्रक सुरू झाला. मग दुसरा.

घनश्याम मॅडमच्या कानाशी वाकला. "मॅडम, याचा क्लेम भेटते का?"