डावीकडची सीट

दिगंबररावांनी मसाल्याच्या डब्यातली हळदीची वाटी काढून टेबलावरच्या फ्रान्सच्या नकाशावर ठेवली. "हा ट्रक," ते म्हणाले. तिच्यामागे मोहरीची वाटी सरकवली. "आणि ही आपली मोटारहोम."

कुमुदताई पोळ्या लाटता लाटता बघत होत्या. ऐन हिवाळ्यात लेस्टर सोडून फ्रान्समार्गे स्पेनला जायचं, हे त्यांना सगळं ठरल्यावर कळलं होतं. लग्नानंतर इंग्लंडला यायचं, हेही तसंच कळलं होतं, आणि हे घर त्यांनी पहिल्यांदा पाहिलं ते किल्ल्या हातात आल्यावर.

"आपलं स्टिअरिंग उजवीकडे, आणि तिकडे गाड्याही रस्त्याच्या उजवीकडूनच चालतात," दिगंबरराव सांगत होते. "लहान रस्त्यावर ट्रकच्या मागे अडकलो, की मला समोरून येणारं काही दिसायचं नाही. डावीकडच्या सीटवरून तुला दिसेल. तू हो म्हणालीस तरच मी ओव्हरटेक करणार."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर मुकाट मागे राहायचं."

"म्हणजे दर ट्रकला मला विचारणार?"

"विचारावंच लागेल," ते कुरकुरले. "म्हणून तर येताना स्पेनहून सरळ जहाज पकडू म्हणतोय."

कुमुदताईंनी तव्याखालचा गॅस बारीक केला, हात पुसले आणि त्या नकाशापाशी आल्या. कॅलेपासून स्पेनच्या सरहद्दीपर्यंत फ्रान्स चांगला लांबलचक होता.

"जहाज नको," त्या म्हणाल्या. "आपण परतसुद्धा रस्त्यानेच येऊ."